रात्री दोन वाजता कॉम्प्युटर आपोआप का सुरू होतो? आणि त्याला झोपवून कसं ठेवायचं?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरची ट्रकची वर्दळ जरा कमी झालेली असते. घरातले सगळे झोपलेले असतात. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर कोणीही हात न लावता सुरू होतो. आतला पंखा घरघरतो, स्क्रीन उजळते आणि खोलीभर निळसर उजेड पसरतो. घड्याळात वाजलेले असतात दोन.

नवी मुंबईतल्या तळवलीसारख्या भागात हा प्रकार फक्त त्रासदायक नाही, थोडा घाबरवणाराही वाटतो. इथे गावठाणातल्या इमारतींमध्ये वन रूम किचनची घरं भरपूर आहेत. ज्या खोलीत दिवसा ऑफिसचं काम किंवा मुलांचा अभ्यास चालतो, त्याच खोलीत रात्री अंथरुणं पडतात. ऐरोली, घणसोली आणि महापे इथली आयटी ऑफिसं जवळ आहेत आणि 2020 च्या लॉकडाउनपासून 'वर्क फ्रॉम होम' घराघरात पोहोचलं आहे. त्यामुळे घरात एक कॉम्प्युटर किंवा ऑफिसचा लॅपटॉप असतोच. तो मध्यरात्री स्वतःहून जागा झाला, की पहिली शंका येते ती एकच: कोणी हॅक तर केलं नाही ना?

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. कॉम्प्युटर आपोआप उठत नाही, त्याला कोणीतरी उठवतं. आणि उठवण्याची परवानगी आधीच दिलेली असते. कधी ती विंडोजने दिलेली असते, कधी माउसला मिळालेली असते, तर कधी नेटवर्क कार्डाला. ही परवानगी कोणाकडे आहे, ते शोधायचं आणि नको असेल तिथून काढून घ्यायची. सगळा उपाय एवढाच आहे.

'स्लीप' म्हणजे बंद नव्हे

आपण 'स्लीप' दाबतो तेव्हा स्क्रीन काळी होते, म्हणून कॉम्प्युटर बंद झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तो डुलकी घेत असतो. उघडलेल्या फाइल्स आणि प्रोग्राम मेमरीत, म्हणजे रॅममध्ये तसेच राहतात आणि ती मेमरी जिवंत ठेवण्यापुरती वीज चालू असते. प्रोसेसर, डिस्क आणि पंखा थांबतात.

त्याच वेळी काही छोटे भाग पहाऱ्यावर असतात. मदरबोर्डवरचं घड्याळ वेळ मोजत असतं. कीबोर्ड आणि माउसच्या जोडणीवर लक्ष असतं. नेटवर्क कार्डही संदेशाची वाट पाहत असू शकतं. यातल्या कोणीही इशारा दिला, की कॉम्प्युटर उठतो.

ही व्यवस्था आजची नाही. कॉम्प्युटरची वीज ऑपरेटिंग सिस्टीमने कशी सांभाळायची, याचे 'एसीपीआय' नावाचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी 1996 च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले. झोपेच्या वेगवेगळ्या पायऱ्या त्यात ठरल्या. त्यातली 'एस-थ्री' म्हणजे आपली नेहमीची स्लीप. 'एस-फोर' म्हणजे हायबरनेट. यात मेमरीतला सगळा मजकूर डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि मशीन जवळपास पूर्ण बंद होतं.

नेमकं दोन वाजताच का?

विंडोजमध्ये 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' नावाची सोय आहे. अपडेट तपासणं, व्हायरससाठी स्कॅन करणं, डिस्क नीट लावणं अशी कामं ती रोज एका ठरलेल्या वेळी करते. कंपनीकडून येताना ही वेळ असते रात्री 2 वाजताची. तेव्हा कोणी काम करत नसेल, हा त्यामागचा हिशेब. स्वतंत्र बेडरूम आणि स्वतंत्र स्टडी असलेल्या घरात तो बरोबर ठरतो. दहा बाय बाराच्या खोलीत ठरत नाही.

अशा ठरलेल्या वेळी उठवण्याच्या सूचनेला 'वेक टायमर' म्हणतात. मेंटेनन्सशिवाय विंडोज अपडेट, बॅकअपचं सॉफ्टवेअर किंवा एखादा डाउनलोड प्रोग्रामही असा टायमर लावू शकतो.

दुसरं कारण म्हणजे माउस आणि कीबोर्ड. झोपलेला कॉम्प्युटर माउस हलला की उठतो. पण माउस हलायला हातच लागतो असं नाही. टेबलाला धक्का लागणं, रस्त्यावरून जड वाहन गेल्यावर टेबल थरथरणं किंवा चकचकीत काचेवर ठेवलेल्या माउसच्या सेन्सरची गफलत होणं, एवढंही पुरतं.

तिसरं कारण नेटवर्क. 'वेक ऑन लॅन' या तंत्रामुळे दूरच्या कॉम्प्युटरला केबलमधून संदेश पाठवून उठवता येतं. या संदेशाला 'मॅजिक पॅकेट' म्हणतात. एएमडी आणि एचपी यांनी 1995 मध्ये ही कल्पना पुढे आणली. नाव जादूचं असलं तरी रचना साधी आहे. सुरुवातीला सहा ठरावीक बाइट्स आणि त्यामागोमाग त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता 16 वेळा, असे एकूण 102 बाइट्स. मोठ्या ऑफिसांमध्ये रात्री शेकडो मशीन एकदम उठवून अपडेट करण्यासाठी हे वापरलं जातं. घरी मात्र याची गरज क्वचितच पडते.

चौथं कारण नव्या लॅपटॉपचं आहे. ते पुढे स्वतंत्रपणे पाहू.

कोणी उठवलं, हे कॉम्प्युटरलाच विचारा

बरेच जण इथे चूक करतात. एखादी रील पाहून दिसेल ती सेटिंग बंद करत सुटतात. त्याने त्रास थांबतोच असं नाही आणि कधी कधी उपयोगाची गोष्टही बंद होते. आधी गुन्हेगार ओळखावा, मग इलाज करावा.

विंडोजमध्ये स्टार्ट बटणाशेजारच्या शोधाच्या जागेत इंग्रजीत 'सीएमडी' ही तीन अक्षरं टाइप करा. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल. त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळी खिडकी उघडेल.

आता 'पॉवर' हा इंग्रजी शब्द लिहून त्याला लगेच सी, एफ, जी ही अक्षरं जोडा. झाली 'पॉवरसीएफजी' कमांड. मग एक जागा सोडा, हायफन द्या आणि हायफनला चिकटून पुढच्यापैकी एक शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबा.

- 'लास्टवेक' (मध्ये जागा न सोडता): कॉम्प्युटरला शेवटचं कोणी उठवलं, ते सांगतो.
- 'वेकटायमर्स' (हाही जोडून): पुढे कोणता टायमर उठवणार आहे, ते दाखवतो.
- 'डिव्हाइसक्वेरी' (जोडून), मग एक जागा आणि 'वेक', अंडरस्कोर, 'आर्म्ड': उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची यादी देतो.

पहिली कमांड सकाळी उठल्या उठल्या चालवावी. कारण ती फक्त शेवटची जाग सांगते. दिवसभरात मशीन पुन्हा झोपवून उठवलं, तर रात्रीची नोंद तिथून जाते.

तसं झालं तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टीम' असं जा. 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाच्या नोंदी शोधा. प्रत्येक नोंदीत झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि 'वेक सोर्स', म्हणजे उठवणाऱ्याचं नाव असतं. कधी कधी तिथे 'अननोन' असंही येतं. पण दोन-तीन रात्रींच्या वेळा शेजारी मांडल्या तरी अंदाज येतो. रोज त्याच मिनिटाला जाग येत असेल तर टायमर. वेळ कशीही बदलत असेल तर माउस किंवा नेटवर्क.

टायमरचा त्रास असेल तर

कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. चालू प्लॅनसमोरच्या 'चेंज प्लॅन सेटिंग्ज'वर आणि मग 'चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'वर क्लिक करा. छोट्या खिडकीत 'स्लीप' खाली 'अलाउ वेक टायमर्स' दिसेल. तिथे 'डिसेबल' निवडा. लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जर अशा दोन ओळी असतील, तर दोन्हीकडे बदल करा.

तिथे 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' असाही पर्याय दिसू शकतो. म्हणजे फक्त महत्त्वाच्या कामांसाठी उठायची मुभा. पण विंडोजच्या लेखी अपडेटनंतरचं रीस्टार्टही महत्त्वाचंच असतं. त्यामुळे शांत झोप हवी असेल तर 'डिसेबल'च बरं.

मग कंट्रोल पॅनलमध्येच 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' शोधा. तिथे दोन वाजताची वेळ बदलून दुपारची किंवा संध्याकाळची करता येते. खाली एक चौकट असते: या कामासाठी कॉम्प्युटरला उठवू द्यायचं का? तिथली टिक काढून टाका.

वेकटायमर्सच्या यादीत एखाद्या कामाचं नाव आलं असेल, तर ते 'टास्क शेड्यूलर'मध्ये शोधा. त्या कामाच्या 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क' अशी ओळ असते. तिची टिक काढली, की काम बंद होत नाही. फक्त त्यासाठी मशीन उठत नाही.

माउस किंवा नेटवर्क असेल तर

'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. यादीत जे नाव आलं होतं, ते उपकरण शोधा. माउस 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस'मध्ये असतो, नेटवर्क कार्ड 'नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स'मध्ये. नावावर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', मग 'पॉवर मॅनेजमेंट'. तिथे 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' याची टिक काढा.

इथे एक काळजी घ्या. माउसची परवानगी काढली तरी कीबोर्डची राहू द्या. नाहीतर सकाळी कॉम्प्युटर उठवायला पॉवर बटणच दाबावं लागेल. तेही चालत असेल, तर दोन्ही काढायला हरकत नाही.

नेटवर्क कार्डाच्या त्याच खिडकीत 'ओन्ली अलाउ अ मॅजिक पॅकेट टू वेक द कॉम्प्युटर' ही ओळही असते. घरच्या मशीनला बाहेरून उठवायची गरज नसेल, तर परवानगी सरळ काढून टाका. गरज असेल, तर ही टिक ठेवा. म्हणजे नेटवर्कवरच्या इतर हालचालींनी झोप मोडणार नाही.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर हे सगळं करण्याआधी ऑफिसच्या आयटी विभागाला विचारा. अनेक कंपन्या रात्रीच मशीन अपडेट करतात. शिवाय अशा लॅपटॉपवर या सेटिंग्ज बदलायची परवानगीही बहुधा नसते.

बॅगेत गरम होणारा लॅपटॉप

आता चौथं कारण. घणसोली किंवा रबाळे स्टेशनवर गाडी पकडली. लॅपटॉप झाकण लावून बॅगेत टाकला होता. पोहोचल्यावर बॅगेत हात घातला तर लॅपटॉप चटका बसावा इतका गरम आणि रात्री पूर्ण चार्ज केलेली बॅटरी निम्मी. त्याच दिवशी मुलाखत असेल किंवा प्रवेशाचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख असेल, तर हा प्रकार महागात पडतो. बॅटरी पूर्ण संपली तर सेव्ह न केलेलं कामही जातं.

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये जुनी 'एस-थ्री' झोप नसतेच. त्याऐवजी असतं 'मॉडर्न स्टँडबाय'. विंडोज 8 सोबत 2012 मध्ये 'कनेक्टेड स्टँडबाय' आलं आणि विंडोज 10 मध्ये त्याचं हे पुढचं रूप. कल्पना मोबाइलची आहे. स्क्रीन बंद, पण आतून जाग. अधूनमधून ईमेल घ्यायचे, अपडेट पाहायचे आणि झाकण उघडताच क्षणात सुरू व्हायचं. मोबाइलला हे छान जमतं. पण लॅपटॉपमध्ये एखादं अ‍ॅप किंवा ड्रायव्हर नीट वागला नाही, तर बंद झाकणाखाली मशीन काम करत राहतं. बॅगेत हवा खेळत नाही आणि उष्णता साचते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. असं रोज झालं तर तिचं आयुष्य कमी होतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणती झोप आहे, हे पाहण्यासाठी वरच्याच 'पॉवरसीएफजी' कमांडपुढे हायफन देऊन इंग्रजी 'ए' लिहा. उत्तरात 'एस-झीरो लो पॉवर आयडल' उपलब्ध असल्याचं दिसलं, तर ते मॉडर्न स्टँडबाय.

अशा लॅपटॉपसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे प्रवासात स्लीप न वापरणं. त्याऐवजी हायबरनेट वापरा. कंट्रोल पॅनलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' असं दिसेल. तिथे झाकण बंद केल्यावर 'हायबरनेट' व्हावं असं निवडा. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. पण उघडी कामं जशीच्या तशी मिळतील आणि बॅगेत लॅपटॉप थंड राहील. हे करायचं नसेल, तर निघताना सरळ शटडाउन करा.

वीज गेली आणि आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला?

हे प्रकरण वेगळं आहे. महावितरणचा पुरवठा रात्री खंडित झाला आणि परत आल्यावर डेस्कटॉप सुरू झाला, तर तो झोपेतून उठलेला नसतो. वीज गेली तेव्हाच तो पूर्ण बंद पडलेला असतो. वीज आल्यावर काय करायचं, हे 'बायोस' सेटिंगमध्ये ठरलेलं असतं. कॉम्प्युटर सुरू करताना 'डिलीट' किंवा 'एफ-टू' दाबून बायोस उघडा. 'रीस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा त्यासारखी ओळ शोधून ती 'पॉवर ऑफ' करा. कळ आणि नाव कंपनीनुसार बदलतं.

स्लीपमध्ये ठेवलेल्या डेस्कटॉपची वीज गेली, तर मेमरीतलं न साठवलेलं काम जाऊ शकतं. पावसाळ्यात हे लक्षात ठेवा. झोपण्यापूर्वी फाइल सेव्ह करण्याची सवय सगळ्यात स्वस्त.

मॅक वापरत असाल तर

मॅकबुकमध्ये 'सिस्टीम सेटिंग्ज' उघडून 'बॅटरी' आणि मग 'ऑप्शन्स'मध्ये जा. तिथे 'वेक फॉर नेटवर्क अ‍ॅक्सेस' असतं, ते 'नेव्हर' करा. डेस्कटॉप मॅकमध्ये हीच ओळ 'एनर्जी' या भागात मिळते. जुन्या इंटेल मॅकवर 'पॉवर नॅप'ही दिसेल. ही सोय 2012 पासून आहे आणि झोपेत असतानाच ईमेल आणि अपडेट तपासते. नको असेल तर बंद करा.

पण हॅक झालेलाच नाही, हे कसं कळणार?

मध्यरात्री स्क्रीन उजळणं हा हॅकिंगचा पुरावा नाही. घरच्या वायफाय राउटरच्या पलीकडून, इंटरनेटवरून कोणी मॅजिक पॅकेट पाठवून मशीन उठवणं सहसा शक्य नसतं. त्यासाठी राउटरमध्ये मुद्दाम तशी सोय करावी लागते.

खरी काळजी दुसऱ्या खुणांची करावी. माउसचा बाण स्वतःहून फिरून काहीतरी उघडतो आहे. आपण न टाकलेलं, दुरून कॉम्प्युटर चालवण्याचं अ‍ॅप दिसतं आहे. 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून असं अ‍ॅप टाकलं होतं आणि ते अजून तिथेच आहे. अशा वेळी आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला आणि पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

मग अपडेटच बंद करून टाकावेत का?

सोशल मीडियावर हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो धोक्याचा आहे. जूनच्या शेवटी, 2017 साली, 'नॉटपेट्या' नावाच्या मालवेअरने जगभर धुमाकूळ घातला होता. त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला आणि कंटेनरची वाहतूक विस्कळीत झाली. हे मालवेअर पसरण्याच्या मार्गांपैकी एक होती विंडोजमधली एक त्रुटी. ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे तीन महिने आधीच दिलं होतं.

म्हणून अपडेट थांबवू नका, त्यांची वेळ बदला. विंडोज अपडेटच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' ठरवता येतात. त्या वेळेत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. ही वेळ जास्तीत जास्त 18 तासांची ठेवता येते. आणि आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दुपारी, स्वतःच 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. रात्रीचं काम दिवसा उरकलं, की कॉम्प्युटरला रात्री उठायचं कारणच उरत नाही.

वीजबिलाचं काय?

समजा, जागा झालेला डेस्कटॉप स्क्रीनसह 60 वॅट वीज घेतो. तो रात्री दोनला उठून सकाळी आठपर्यंत जागाच राहिला, तर सहा तासांत 0.36 युनिट खर्च होते. महिनाभर रोज असं झालं, तर जवळपास 11 युनिट होतात. रक्कम फार मोठी नाही, पण कोणीही न वापरलेल्या विजेची आहे.

आज रात्रीपुरतं काय करायचं?

एवढं सगळं करायला आत्ता वेळ नसेल, तर झोपण्यापूर्वी फाइल सेव्ह करा आणि कॉम्प्युटर शटडाउन करा. स्लीप दुपारच्या जेवणाच्या सुट्टीसाठी चांगली. रात्रभरासाठी शटडाउन किंवा हायबरनेटच बरं.

मग एखाद्या सकाळी दहा मिनिटं काढून 'लास्टवेक' विचारा. ज्याचं नाव येईल, त्याच्या एकट्याचीच परवानगी काढा आणि दोन रात्री वाट पाहा. पुन्हा जाग आली तर पुढचं नाव. बहुतेक घरांत ही यादी दोन-तीन नावांच्या पुढे जात नाही.